समोरून कुणी येत नाही असा रस्ता

सोयाबीनचा हंगाम शिवारात येतो असं लोक म्हणतात. आमच्या जवळा बाजार गावात तो आधी माझ्या औषधाच्या दुकानात येतो. दसऱ्याच्या आगेमागे खोकल्याच्या बाटल्या भराभर खपायला लागल्या आणि डोळे चोळत माणसं पायरी चढायला लागली, की समजायचं, मळणी सुरू झाली. मळणी यंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात आणि नावातच त्याचा सगळा स्वभाव आला. तो धडधडायला लागला की पिवळसर भुसकट वाऱ्यावर निघतं आणि गावात कुणालाच सोडत नाही. काउंटरच्या काचेवर, गोळ्यांच्या खोक्यांवर, माझ्या चहाच्या कपात. दुकानामागं अंगणात उभ्या असलेल्या माझ्या गाडीतही ते शिरतं आणि ड्रायव्हरच्या सीटवर अडकवलेल्या लाल पट्ट्यांना जाऊन चिकटतं. बाकी सगळीकडचं भुसकट फडक्यानं निघतं, या पट्ट्यांवरचं निघत नाही. दर वर्षी त्यांच्यावर एक नवा थर बसतो आणि दर वर्षी मला नव्यानं संताप येतो.

यंदा त्यात भर अशी, की त्या पट्ट्यांची मुदत संपली. तसं लेबलच शिवलेलं आहे त्यांच्यावर. पट्ट्याला मुदत असते हे गावात कुणाला पटत नाही. मला पटतं, कारण माझं निम्मं आयुष्य मुदती वाचण्यात गेलं आहे. "गोळी काय भाजी हाय का ताई, नासायला?" असं विचारणाऱ्यांशी मी रोज भांडते. मुदत संपलेल्या पाकिटावर कात्री चालवते, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी खाऊ नये. आणि माझ्याच गाडीत, माझ्याच नाकाखाली, एकदाही कामाला न आलेली वस्तू मुदत संपवून बसली. वापरून संपलेल्या वस्तूचं काही वाटत नाही. न वापरता संपली की ती घरात फिरताना पायात येत राहते.

हे पट्टे रोजच्या सीटबेल्टसारखे नाहीत. दोन खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून, एक मांड्यांमधून, आणि सगळे पोटावरच्या एका चकतीत अडकतात. चकती फिरवली की सगळे एकदम सुटतात, म्हणजे सुटायला हवेत. गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची तर असे लागतात. हो, शर्यत. काही वर्षांपूर्वी जवळा बाजारची औषधवाली बाई शर्यतीला निघाली होती. तुम्ही हसलात तरी चालेल, अख्खं गाव हसून झालेलं आहे.

खरं सांगायचं तर मला वेड शर्यतीचं नव्हतं, एका रस्त्याचं होतं. औषधं आणायला मी सारखी हिंगोलीला जाते, नाहीतर हट्ट्यावरून वसमतला. हंगामात तो रस्ता रस्ता राहतच नाही. अर्ध्या डांबरावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि त्याच्या कडेनं दगड मांडलेले. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांना मागचा दिवा नाही. मोटारसायकलवर तिघं, चुकीच्या बाजूनं, आणि वर हात करून आपल्यालाच ‘थांब’ म्हणतात. इतकी वर्षं गाडी चालवते, पण गाडी चालवणं म्हणजे समोरून येणाऱ्याला चुकवणं, एवढंच मला ठाऊक. माझी गाडी वळणावर कुठवर धरून राहते, ब्रेक दाबला तर नेमकी कुठं थांबते, हे मला कधी कळलंच नाही. मग माझ्याबरोबर फार्मसी शिकलेल्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, की दक्षिणेत एका ट्रॅकवर हौशी लोकांची स्पर्धा असते. आपली रोजचीच गाडी न्यायची. एका वेळी एकच गाडी सोडतात, घड्याळ लावून. समोरून कुणी येत नाही. ती पुढं पुष्कळ बोलली, मी त्या एका वाक्यापाशीच थांबले होते.

घरात मी आणि आबा, दोघंच. आबा म्हणजे माझे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आई गेली, माझं लग्न झालं नाही, आणि तो विषय गावानं बऱ्याच उशिरा सोडला. आबांचा गाडी चालवण्याचा धर्म ठरलेला आहे. गाडीत बसल्यावर ‘अपघात’ हा शब्द काढायचा नाही. ‘आग’ तर नाहीच नाही. रस्त्याच्या कडेला पलटी झालेला ट्रक असला तर तिकडं बघायचं नाही. सीटबेल्ट ते लावत नसत, कारण पट्टा बांधणं म्हणजे नको त्याला आवतण देणं. यात आबा एकटे नाहीत. बेल्ट लावला नाही की गाडी किणकिण करते, ती गप्प करायला आमच्याकडं नुसती खोटी कडी विकत मिळते. ती खाचेत खुपसायची, गाडीला वाटतं पट्टा लावला, आणि माणूस मोकळा. स्वतःच्या गाडीला फसवून स्वतःचाच जीव धोक्यात घालायची वस्तू माणसं दुकानात जाऊन मागून घेतात, याचा मला कितीही विचार केला तरी उलगडा होत नाही.

स्पर्धेची नियमावली मी आबांपुढं ठेवली. काय काय बसवायचं त्याची चित्रं होती तीत. पट्टे, हेल्मेट, आग विझवायचा सिलिंडर, गाडी ओढून काढायला पुढं-मागं हूक. आबांनी चष्मा लावला, चित्रं पाहिली, चष्मा काढला.

"काहून माय, मरायची तयारी करून राहिली का?"

"ही न मरायची तयारी आहे, आबा."

"न मरायची तयारी अशी नसती. ब्रेक पाहायचा, देवाला हात जोडायचे, निघायचं. तो लाल नळा घिऊन निघाल्यावर मंग ते व्हनार न्हाई तर काय?" ‘ते’ म्हणजे आग. शब्द त्यांनी तेव्हाही काढला नाही.

त्या वर्षी दसऱ्यापर्यंत मी लोकांना समजावत बसले. आता आठवलं तरी घसा दुखतो. खांद्यांवरचे पट्टे सीटला बांधून चालत नाहीत, त्यांना सीटमागं एक आडवी दांडी लागते. ती करायला मी सलीमभाईंकडं गेले. सलीमभाई आमच्याकडचे वेल्डर, ट्रॉल्या बनवण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही, आणि तोच घोटाळा झाला. पहिली दांडी त्यांनी ट्रॉलीच्या लोखंडाची केली. ती बसवल्यावर गाडी मागच्या बाजूला म्हशीसारखी बसली.

"हत्ती बांधा मॅडम, हलनार न्हाई," सलीमभाई खूश होते.

"मला हत्ती नाही बांधायचा. मी बसणार आहे."

दुसरी दांडी हलकी केली, पण ती थेट गाडीच्या पातळ पत्र्याला जोडली. पत्रा फाटेल म्हटलं तर म्हणाले, "काहून फाटंल? तुमचं वजन कितीक?" मग मी त्यांना वजन आणि झटका यातला फरक सांगत उन्हात उभी राहिले. शेवटी ट्रॉलीवरच्या पोत्याचं उदाहरण दिलं, ब्रेक मारला की पोतं पुढं कसं येतं ते. "हां, बराबर. असं बोला ना आधीच," म्हणाले, जसं काही मी इतका वेळ फारसी बोलत होते. तिसरी दांडी खालून जाड पट्ट्या देऊन नीट बसली. पण प्रत्येक वेळी आजचं काम उद्यावर. त्यांच्या दारात मोडक्या हडंब्यांची रांग होती. "हंगामात हडंबा बंद पडला तर शेतकरी कुठं जाईल, मॅडम? तुमची शर्यत उभी ऱ्हाईल चार दिवस." त्यांचं खरं होतं. चिडायला आलेल्या माणसाला समोरच्याचं खरं असण्यासारखी तकलीफ नाही.

सिलिंडर लोखंडी पट्टीत घट्ट बसवायचा होता, पट्टे बांधून बसल्यावरही हात पोचेल असा. तो बसवायच्या आधी दुकानात ठेवला, तर एका गिऱ्हाइकानं ‘चालतंय का’ म्हणून पिन ओढून दांडा दाबला. अर्धं दुकान पांढरं झालं. "चालतंय की," तो म्हणाला आणि क्रोसिन घेऊन गेला. मी दुसरा सिलिंडर मागवला. गाडीतली सगळी सुटी सामग्री काढायची होती, म्हणून पायपुसणी काढली, छत्री काढली, डॅशबोर्डवरचा गणपती काढून देवघरात ठेवला. त्यावरून आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एरवीही ते अंगणात खुर्ची टाकून गाडीकडं पाठ करून बसायचे. पण पाठ केलेल्या माणसाचे कान कुठं असतात ते कळतंच. एका संध्याकाळी मी पट्टे बांधून सीटवर बसून बघत होते, तर ते उठून आले. खांद्यावरच्या पट्ट्यात बोट घालून त्यांनी तो ओढला. पट्टा कडीतून सर्रकन गेला.

"हे तर सरकून राहिलं."

"सरकायलाच पाहिजे आबा. त्याशिवाय घट्ट कसा करणार?"

"हं," म्हणाले आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

दसऱ्याला त्यांनी गाडी स्वतः धुतली. मी दुकानात होते, सुगीच्या दिवसांत सणालाही दुकान बंद ठेवता येत नाही. येऊन बघते तर झेंडूचा भला मोठा हार, हेल्मेटला कुंकवाचं बोट, पुढच्या हुकाला लिंबू बांधलेलं. खांद्याचे पट्टे नीट गुंडाळून मागं ठेवलेले. गाडीत राळेचा वास कोंडला होता. निखाऱ्यावर राळ टाकून आम्ही धूप करतो, त्यामुळं वासाचं मला नवल वाटलं नाही. खरं तर बरं वाटलं. आबांनी गाडीची पूजा केली याचा अर्थ त्यांनी माझ्या जाण्याला मान डोलावली, असा मी घेतला, आणि तो अर्थ बरोबरच होता.

दुसऱ्या दिवशी निघालो. हो, निघालो. "येवढ्या लांब एकटी कशी जाशील," म्हणत आबा पिशवी घेऊन येऊन बसले. रस्त्यात आळीपाळीनं गाडी चालवली, अर्थात रोजच्या सीटबेल्टनं, आणि तोही माझ्यापुरता. नांदेड मागं पडलं, तेलंगणात शिरलो, दोन्ही बाजूंची पिकं बदलली, चहाची चव बदलली. आबा सगळ्या वाटेत बोलत होते. कोणत्या घाटात कोणता कंडक्टर बरोबर होता, कोणत्या गावची बाई कोंबडीचं तिकीट काढायला तयार नव्हती. घरात दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस स्टिअरिंग हातात आलं की असा मोकळा होतो, हे मला त्या वाटेवर कळलं. गाडीतला राळेचा वास मात्र जात नव्हता. ऊन चढलं की वाढायचा.

ट्रॅकवर आधी गाडीची तपासणी असते. तपासणीस माणूस मवाळ होता. त्यानं हुकावरचं लिंबू हळूच काढून माझ्या हातात दिलं, दांडी हलवून पाहिली, सलीमभाईंच्या खालच्या पट्ट्या पाहून मान डोलावली. सिलिंडर ठीक, हेल्मेट ठीक. मग मला पट्टे बांधून बसायला सांगितलं. मी खांद्याचा पट्टा ओढला, तो हलेना. जोर लावला तेव्हा कुरकुरत इंचभर आला. माझी बोटं एकमेकांना चिकटली होती. "आता चकती फिरवा आणि बाहेर या," तो म्हणाला. चकती फिरली, कमरेचे पट्टे सुटले, उजव्या खांद्याचा तिथंच राहिला. आम्ही दोघांनी ओढून तो काढला. त्यानं बोटांचा वास घेतला, रुमालाला हात पुसला आणि विचारलं, "ये क्या लगाया है?"

मागून आबांचा आवाज आला, अगदी खणखणीत. "हमने लगाया साब, राळ. फिसल रहा था. अब नहीं फिसलेगा."

हडंब्याचा पट्टा सरकायला लागला की त्याला राळ लावतात. पिठाच्या गिरणीलाही लावतात. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दसऱ्याला मी दुकानात असताना आबांनी राळ कुटली, करडईच्या तेलात कढवली आणि पाचही पट्ट्यांना, चकतीसकट, मन लावून चोळली. सरकणारा पट्टा आपल्या लेकीला कसा धरून ठेवणार, ही काळजी.

तपासणीसानं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, पट्टा पकड़ना भी चाहिए, छोड़ना भी चाहिए. गाड़ी में आग लगी तो बेटी बाहर कैसे आएगी?"

आबांनी उभ्या आयुष्यात जो शब्द गाडीजवळ येऊ दिला नव्हता, तो त्यांच्या तोंडावर, त्यांच्या लेकीला जोडूनच आला. हातातली टोपी त्यांनी उगाच डोक्यावर घातली आणि परत काढली.

कोल्हापूरच्या एका स्पर्धकानं स्वतःहून त्याचे जुने पट्टे देऊ केले. मी धावत घेऊन आले. तपासणीसानं लेबल उलटून पाहिलं आणि मान हलवली. मुदत संपली होती. मी, जी रोज या एका गोष्टीवरून गावाशी भांडते, ती तिथं कोणत्या तोंडानं भांडणार होते?

माझा राग कुठं टाकायचा हा प्रश्न मला आजवर सुटलेला नाही. तपासणीसाचं बरोबर होतं. सलीमभाईंचं काम पहिल्या नंबरचं निघालं. राहिले आबा. जन्मभर ज्यांनी पट्ट्याला अपशकुन मानलं, त्यांनी एकदाच, फक्त माझ्यासाठी, त्या पट्ट्यावर विश्वास टाकला आणि त्यांच्या हाताला जे येत होतं ते केलं. त्यांनी विश्वास ठेवला नसता तर मी ट्रॅकवर गेले असते. हे वाक्य मनात म्हटलं की मला ओरडावंसं वाटतं, आणि ओरडायला समोर कुणी नसतं.

त्या दिवशी आम्ही कुंपणाबाहेर उभं राहून बघितलं. गाड्या एकेक करून सुटत होत्या, वळणावर टायर किंचाळत होते, रबराचा जळका वास येत होता. रिकामा, काळा, स्वच्छ रस्ता. त्यावर ना सोयाबीन, ना दगड. आबा म्हणाले, "खरंच की गं. समोरून कुणीच येत न्हाई."

परतीच्या वाटेवर गोष्टी नव्हत्या. पण गाडीत बसताना आबांनी, कुणी न सांगता, रोजचा सीटबेल्ट ओढून लावला आणि थेट जवळा बाजारला अंगणात गाडी थांबेपर्यंत काढला नाही. मी ते पाहिलं.

नंतरच्या वर्षांचं काय सांगायचं. स्पर्धा नेमकी सुगीत यायची. एका वर्षी दुकान सोडवेना, एका वर्षी आबांचं डोळ्याचं ऑपरेशन, एका वर्षी ते अंगणात घसरून पडले. नवे पट्टे मी मागवू शकले असते. मागवले नाहीत, कारण जुने गाडीतून काढायला हात लावला की हाताला राळ लागायची आणि तो सगळा दिवस परत अंगावर यायचा. मग मी गाडीचं दार आपटून दुकानात निघून यायचे. राळ हळूहळू कडक झाली, तिच्यावर एकेका हंगामाचं भुसकट बसलं, आणि लाल पट्टे मातकट झाले.

परवा सकाळी मात्र मी दुकानातली मोठी कात्री घेऊन गेले. मुदत संपलेली वस्तू कापून टाकायची, माझाच नियम. आबा काठी टेकत मागून आले.

"काय करून राहिली?"

"कापते. मुदत संपली."

"थांब जरा." त्यांनी काठी गाडीला टेकवली आणि सीटवर बसले. मी नको नको म्हणत असताना त्यांनी खांद्यावरून पट्टे घेतले, कमरेवरचे घेतले आणि एकेक करून चकतीत खुपसले. मग दोन्ही हातांनी गुडघे धरून, होता नव्हता तो जोर लावून पुढं झुकले. एकदा, मग परत एकदा.

"सरकला का?"

मी बघत होते. पट्टा तसूभर हलला नव्हता.

"न्हाई सरकला, आबा."

"मंग?"

इतकी वर्षं त्यांनी तो एक प्रश्न गिळून ठेवला होता. आपण लेकीला बांधलं ते घट्ट तरी बांधलं होतं ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी चकती फिरवली. ती जागची हलेना. परत फिरवली, दोन्ही हातांनी फिरवली. आबा आधी हसले, मग स्वतः फिरवून पाहिली, मग हसायचे थांबले. त्यांचा श्वास भरून आला. भुसकट उडत होतं, त्यांना खोकला आला, आणि खोकताना पुढं वाकायलाही पट्टा जागा देईना.

"माय, सुटंना की गं हे," ते म्हणाले. लेकरासारखा आवाज होता.

मी कात्री चालवली. जाड विणीचा पट्टा एका दमात कापत नाही, दोरा दोरा तुटतो. आधी उजवा खांदा, मग डावा, मग कमरेचे दोन्ही. आबा छाती आत घेऊन, डोळे मिटून बसले होते. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर राळेचे दोन पट्टे उमटले होते. कापलेला तुकडा त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"तो साहेब म्हनला ते खरंच व्हतं," ते म्हणाले. "तू आतच ऱ्हायली असतीस."

मी खोकल्याचं औषध आणायला वळले, तसा मागून आवाज आला.

"नवे मागव. ह्या बारीला म्या हात लावनार न्हाई."

"मागवते."

"नव्याची मुदत किती असती?"

"पुष्कळ वर्षं असते, आबा."

"त्याची असंल," आबा म्हणाले. "आपुन पुढल्याच दसऱ्याला निघू."